अपोलो ओनो: ८ पदकं, पण सुवर्ण दोनच. नशीब की डोकं?

घसरगुंडी
अमेरिकेच्या ओनोने शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगमध्ये (बर्फावर आखूड ट्रॅकवरची शर्यत) २००२, २००६ आणि २०१० मिळून ८ ऑलिंपिक पदकं घेतली: २ सुवर्ण, २ रौप्य, ४ कांस्य. पण सॉल्ट लेक सिटीत (२००२) १५०० मीटरला रेषा आधी ओलांडली किम डाँग-संगने, आणि सुवर्ण ओनोला. व्हँकुव्हरचं (२०१०) रौप्यही पुढचे दोन कोरियन एकमेकांवर आदळले म्हणून. मग याला थोर म्हणायचं ते कशासाठी? आणि निम्मी शर्यत हा मागेच रेंगाळतो, ते मुद्दाम की दम पुरत नाही म्हणून?

आतली कड
मुद्दाम. ट्रॅक १११.१२ मीटरचा, १००० ला ९ फेऱ्या, १५०० ला साडेतेरा. पुढचा वारा कापतो, मागच्याचे पाय वाचतात. तेवढ्या वेळात ओनो हेरायचा की वळणातून बाहेर पडताना कोणाची रेघ रुंदावते. जो वळणात गरजेपेक्षा जोरात शिरतो तो बाहेर फेकला जातो, आणि वळणाची आतली हद्द दाखवणाऱ्या ठोकळ्यांपाशी खांदाभर फट उघडते. तिथे घुसायचं तर सरळ पट्ट्यात हातभर अंतर सोडून, जरा बाहेरून, उशिरा वळावं लागतं. मग वळण संपताना वेग तुमचा जास्त. पुढच्याला चिकटलात की त्याच्याच रेघेवर अडकलात.

यात जोखीम अशी, की घुसणाऱ्याचा धक्का लागला तर बाद सहसा घुसणाराच होतो. उलट, पुढच्याने ऐनवेळी आत सरकून वाट अडवली तर तो बाद. किम यातच गेला. ओनोने हात वर करून ते पंचांना दाखवलं. त्यात नाटक होतं, मान्य. पण कोरियाची तक्रार आंतरराष्ट्रीय महासंघानेही फेटाळली आणि क्रीडा लवादानेही.

नशिबाचा हिशोब मांडायचाच तर अख्खा मांडा. त्या १५०० च्या चारच दिवस आधी १००० च्या शेवटच्या वळणावर ओनो पुढे होता. ली जियाजुन, आन ह्युन-सू, तुर्कोत आणि ओनो सगळे आडवे झाले, आणि सगळ्यात मागचा स्टीव्हन ब्रॅडबरी निवांत सुवर्ण घेऊन गेला. ओनो धडपडत रेषेपलीकडे गेला, रौप्य. मांडीला ६ टाके.

लांब_ट्रॅक
‘मागे राहतो’ हे ५०० ला लागू नाही हो. साडेचार फेऱ्यांत मागे राहिलात की संपलं. तुरिनला २००६ मध्ये त्याने ५०० सुरुवातीपासून पुढे राहून जिंकली, कॅनडाचा त्राँब्ले दुसरा, आन तिसरा. माझ्या मते त्याची सर्वांत स्वच्छ शर्यत तीच. व्हँकुव्हरच्या ५०० फायनलमध्ये मात्र शेवटच्या वळणावर त्राँब्लेला हात लागला आणि ओनो बाद.

चौदा ठोकळे
सामानाचंही सांगायला हवं. शर्यत कायम डावीकडेच वळते, म्हणून पातं बुटाच्या मधोमध नसतं, दोन्ही पायांत डावीकडे सरकवलेलं असतं. नाहीतर झुकल्यावर बुटाची कड बर्फाला लागून पातं उचललं जातं. शिवाय पातं वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलं असतं. लांब ट्रॅकच्या स्केटसारखी पात्यापासून टाच सुटत नाही, दोन्ही टोकं घट्ट. ठोकळ्यांच्या वळणाची त्रिज्या ८ मीटर आणि सरासरी वेग ताशी ४० किमीच्या पुढे, म्हणजे शरीर उभ्या रेषेपासून पन्नास अंशांहून जास्त झुकतं. डाव्या हाताची बोटं बर्फावर टेकतात, म्हणून त्या हातमोज्याच्या टोकांवर कडक, गुळगुळीत टोप्या. लोकर किंवा कापड टेकलं तर अडकून हात मागे ओढला जाईल.

घसरगुंडी
मग एवढे सराईत लोक वळणावर नुसते घसरून का पडतात? धक्का नसतानाही?

चौदा ठोकळे
बहुतेकदा धार. या पात्याला हॉकीसारखी मधे खोबण नसते. तळ सपाट, दोन्ही कडा काटकोनात. दोन्ही बूट जिगमध्ये (घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीत) उलटे पकडून धारेचा दगड पूर्ण लांबीवर सारख्या दाबाने फिरवायचा, मग बारीक दगड, शेवटी बाजूने कडेवरची कणी (घासताना कडेला उरलेला धातूचा बारीक कोर) काढायची. कणी राहिली तर कड दुमडते. दगड टोकांशी जास्त दाबला तर पात्याची ठरलेली गोलाई बिघडते, आणि ती नुसत्या धारेने परत येत नाही. पडल्यावर किंवा दुसऱ्याचं पातं घासल्यावर कडेला खाच पडते. नख हलकेच फिरवलं की कळते. त्याच खाचेवर पुढच्या वळणाचा भार आला की पाय जातो.

आतली कड
आणि बर्फ. एकाच रेघेवर शर्यती झाल्या की चर पडतो. त्यासाठीच वळणांचे ठोकळे पुढेमागे सरकवतात आणि शर्यतींच्या मधे पाणी टाकतात. व्हँकुव्हरच्या १००० फायनलमध्ये ओनो शेवटच्या फेऱ्यांत असाच अडखळून शेवटी गेला, आणि तिथून दोघांना गाठून कांस्य घेतलं. घसरगुंडी, ‘दम पुरत नाही’ म्हणण्याआधी ती शर्यत बघा.