रोजगार मार्गदर्शन केंद्रात पहिल्यांदा जाताना: तिथं नेमकं काय होतं?

जिंतूरकर
आपल्याकडची बरीच पोरं आयटीआय झाली की 'कार्ड काढायला' म्हणून जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जातात आणि हात हलवत परत येतात. फिटर झालेला 20 वर्षांचा मुलगा परभणीला जाणार असेल तर तिथं काय विचारतात, काय मिळतं, सोबत काय न्यावं? एसटीचं भाडं आणि दिवस, दोन्ही वाया जायला नको.

गोदाकाठ
केंद्र स्वतः नोकरी देत नाही. नोंदणी, मार्गदर्शन, कंपनीची मागणी आली की उमेदवारांना कळवणं आणि मेळावे भरवणं हे त्यांचं काम. सगळं फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

नुसत्या कार्डासाठी तर जाऊच नका. नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर घरबसल्या होते. फक्त आधारला जोडलेलं सिम चालू असलेलं बरं, कारण ओटीपी मोबाइलवर येतो. सिम बंद असेल तर आधी आधार केंद्र गाठा.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव 'ज्ञानोबा' आणि आधारवर 'ज्ञानदेव', एवढ्यावरून काम अडतं. आज नाही अडलं तर पुढं पीएफ खातं उघडताना अडेल. आताच दुरुस्त करून घ्या.

आणि नोंदणीत दहावी भरून आयटीआय भरायचं राहून जातं. मग फिटर शोधणाऱ्या कंपनीला त्याचं नाव दिसणार कसं?

चिकलठाणा लाइन
वरच्या उत्तरात भर. भेटीत विचारतात ते साधंच असतं: ट्रेड कोणता, गुण किती, जिल्ह्याबाहेर जाणार का, शिफ्ट चालेल का. 'कुठलंही काम चालेल' हे उत्तर देऊ नका, त्यावर समोरचा माणूस काहीच करू शकत नाही. 'फिटर आहे, संभाजीनगरच्या वाळूज किंवा शेंद्रा एमआयडीसीत राहायची तयारी आहे, आधी अप्रेंटिसशिप (कारखान्यात शिकाऊ उमेदवारी) बघतोय' असं सांगितलं की बोलणं पुढं सरकतं.

बायोडाटा एका पानाचा. त्यात 'मेहनती, प्रामाणिक' लिहिण्यापेक्षा हात कशावर बसलाय ते लिहा: फायलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, बेंच ग्राइंडर. जे लिहाल ते विचारतात. कंपनीच्या मुलाखतीत व्हर्नियर हातात देऊन माप वाचायला लावतात. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01 मिमी. शून्य त्रुटी (जबडे मिटल्यावर काटा शून्यावर येतो का) न बघताच माप सांगून मोकळी होतात, तिथंच पोरं मार खातात.

अप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला आहे का, ते पहिल्याच आठवड्यात तपासा. नोंद नसेल तर वर्षभर राबूनही परीक्षेला बसता येत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही.

मांजराकाठ
मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेबद्दलही तिथंच विचारा. वय 18 ते 35, शिक्षण चालू नसावं. 2024 ला सुरू झाली तेव्हा विद्यावेतन बारावीला 6000, आयटीआय-पदविकेला 8000, पदवीधराला 10000 रुपये महिना होतं. मुदत आधी 6 महिने होती, नंतर 11 झाली. हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नाही, हे घरच्यांनाही नीट समजावून सांगा. सध्या जागा आहेत का ते विचारल्याशिवाय यावर विसंबू नका.

पैसे अडतात ते बँकेपायी. खात्याला आधार 'जोडलंय' असं बँकवाले म्हणतात, पण डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग, म्हणजे पैसे कोणत्या खात्यात जायचे याची आधारवरची नोंद, वेगळं असतं, आणि पैसे सगळ्यात अलीकडे सीडिंग झालेल्या खात्यात जातात. जुनं जनधन खातं असेल तर आधी ते तपासा.

जिंतूरकर
आणि रोजगार मेळाव्यात 'जागेवरच निवड' म्हणतात, त्याचं काय?

चिकलठाणा लाइन
ती प्राथमिक निवड. नेमणूकपत्र हातात येईपर्यंत नोकरी पक्की धरू नका. स्टॉलवर तीन गोष्टी विचारा: पगारपत्रकावर नाव कंपनीचं की ठेकेदाराचं, सांगितलेल्या आकड्यातून पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापून हातात किती, आणि राहण्या-जेवणाचं कोण बघणार. पीएफचे 12 टक्के मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर कापतात, ईएसआयचे पाऊण टक्का. बायोडाट्याच्या पाच-सहा प्रती आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद दाखवा, पण कुणाकडंही ठेवून येऊ नका.