हिवाळी टायरचा सेट घ्या म्हणे, सोलापुरात!

होटगीरोडवाला

परवा इथे एका भावाने लिहिलं की वर्षातून एकदा जरी मनाली-काश्मीरला गाडी नेत असाल तरी हिवाळी टायर आणि १७ इंची अलॉयचा, म्हणजे मिश्रधातूच्या रिमचा, वेगळा सेट घरात पाहिजेच, नाहीतर तुम्ही बायकापोरांच्या जिवाशी खेळताय. खाली "एकदम बरोबर भाऊ"ची रांग. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

हिवाळी टायरचं रबर मऊ असतं. साधारण ७ अंशांच्या खाली आपले नेहमीचे टायर कडक पडायला लागतात, हिवाळी पडत नाहीत. नक्षीतल्या बारीक चिरा बर्फ धरतात. हे सगळं मान्य. पण सोलापुरात ७ अंश कोणी बघितलेत? मनाली इथून दोन हजार किलोमीटरच्या वर. तो मऊ टायर धुळे, इंदूर करत गरम डांबरावर झिजवत न्यायचा, वर दोन दिवस बर्फ तुडवायचा आणि परत झिजवत आणायचा. नाहीतर चार चाकं टपावर बांधा आणि हॉटेलच्या अंगणात जॅक लावून बसा.

आता १७ इंच. ज्या गाडीला कंपनीचा १८५/६५ आर१५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू रुंदीच्या किती टक्के, आणि रिम इंचात) आहे, तिला बाहेरची उंची तीच ठेवून १७ ची रिम घालायची तर २०५/४५ वर जावं लागतं. साइडवॉल १२ सेंटीमीटरची ९ होते. बर्फात टायर अरुंद बरा, फुटक्या रस्त्यावर साइडवॉल जाड बरी. भावाने दोन्हीकडे नेमकं उलटं सांगितलंय.

चांगल्या नक्षीचे, फार जुने नसलेले चार टायर घ्या. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५वा आठवडा. डिकीत बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या ठेवा. बर्फ जोरात पडला तर गाडी हॉटेलवर ठेवून तिथल्या फोर बाय फोरवाल्याला सांगा. विषय संपला.

घाटवेडा४१३

तो भाऊ मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

साहेब, साखळ्या कधी स्वतः घातल्यात का? मी घातल्यात, मनालीच्या वर सोलंगच्या अलीकडे. हातमोजे घातले तर साखळीचा आकडा अडकत नाही, काढले तर बोटं आपली राहत नाहीत, आणि मागे टॅक्सीवाल्यांचे हॉर्न. बरं, घातल्या की चाळीसच्या वर जायचं नाही. डांबर लागलं की काढायच्या, नाहीतर साखळी टायरही खाते आणि रस्ताही. अटल बोगदा नऊ किलोमीटर, आत बर्फाचा पत्ता नाही, बाहेर पलीकडे लाहौलात, सिस्सूकडे पुन्हा पांढरं. घाला, काढा, घाला. पहाटेचा रस्ता ओला वाटतो आणि असतो बर्फाची काच, तिथे साखळी बॅगेतच असते. कामाला येतो तो टायर.

बाजूवर तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असेल तोच टायर बर्फावर चाचणी होऊन आलेला. नुसतं "एम प्लस एस" (चिखल आणि बर्फ) कंपनी स्वतःच छापते. हे न बघता "चांगले टायर घ्या" म्हणणं सोपं आहे.

आणि हो, सेटसाठी १५ ची स्टीलची डिस्क, म्हणजे साधी रिमच परवडते. वाकली तर ठोकून तरी घेता येते. हे लिहायचं राहिलं, शिकवल्याबद्दल आभार, गुरुजी.

सातरस्ता

तुम्ही दोघं चार टायरवरनं भांडायलाव. पाचव्याचं काय बे?

माझ्या नव्या गाडीत स्टेपनी म्हणून जे दिलंय ते लुनाचं चाक वाटतं. ८० च्या वर पळवू नका असं तिच्यावरच लिहिलंय. मागच्या पावसात आंबेनळी घाटात दगडाने साइडवॉल फाटली. सामान काढलं, चाक काढलं, बारकी स्टेपनी लावली, तर फाटलेलं मोठं चाक तिच्या खड्ड्यात बसेना. शेवटी बायकोच्या मांडीवर. महाबळेश्वर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

डिझेलकाका

बारकी तरी मिळाली, नशीब समजा. २०२० मध्ये सरकारने नियमच बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा किट दिला की छोट्या गाडीला स्टेपनी नाही दिली तरी चालतं. आणि तो किट खिळ्याच्या भोकापुरता. साइडवॉल फाटली की ओवाळा त्याला.

इलेक्ट्रिकपोरगा

काका, इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा लागते, आणि स्टेपनी नसली की वजन कमी होतं. खरंच स्टेपनी कितीदा लागते? फोन करा, माणूस येतो.

डिझेलकाका

रात्री अकराला तुळजापूर घाटात मी फोन केला होता. "लोकेशन पाठवा," म्हणाला. पाठवलं. मग म्हणाला, "सकाळी बघू." तू त्या वेळी शाळेत असशील, म्हणून फोनवर एवढा विश्वास.

इलेक्ट्रिकपोरगा

वय काढायची गरज नव्हती. तुमच्या स्टेपनीत तरी हवा असते का? निम्म्या सोलापूरच्या स्टेपन्या गाडी घेतल्यापासून कोणी बघितलेल्या नसतात.

डिझेलकाका

असते. दर महिन्याला बघतो. ये, दाखवतो.

विजापूरवेस

मनाली राहू द्या. आमच्या गल्लीत पाइप टाकायला खणलं ते वर माती लोटून गेले. माझी अलॉय तिथेच चिरली, वेल्डिंगवाला म्हणाला टिकायची नाही. डोंगर लागतोय कशाला?

सातरस्ता

तेच म्हणायलाव. दुकानदार चार मोठे टायर गळ्यात मारतो आणि पाचवं जुन्याच मापाचं. पुढच्या एका बाजूला ती स्टेपनी लावून घाटात लांब गेलात तर दोन चाकांची उंची वेगळी, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरेन्शियलवर ताण आणि वर एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) दिवा. माप बदलायचं तर पाचही बदला. नसेल परवडत तर हौस करू नका. टायर बर्फाचा का उन्हाळ्याचा ते नंतर.

डिझेलकाका

आणि हवा! इथे ३३ पाउंड भरून निघालात तर वरच्या गारठ्यात पाच-सहा पाउंड उतरते. उंचीमुळे गेजवर दोन-तीन चढते, तरी हिशेब कमीच राहतो. पोचल्यावर पहाटे, गाडी हलवायच्या आधी तपासा.

होटगीरोडवाला

घाटवेडा, बोगद्याच्या दोन्ही बाजूंचं घाला-काढा ऐकलं. जो दर हिवाळ्यात महिनाभर लाहौलला मुक्काम ठोकतो त्याने घ्यावा सेट, माझी परवानगी आहे. पण तुम्ही लिहिलं होतं "प्रत्येकाने". चार दिवस सुट्टी काढून जाणाऱ्याने चार टायर, चार डिस्क घ्यायच्या, वर बाकीचे अकरा महिने ते रबर पत्र्याखाली ४२ अंशांत भाजायचं. त्या पैशात फोर बाय फोरवाला कितीदा तरी येईल, आणि त्याला रस्ताही माहीत असतो.

घाटवेडा४१३

माझे टायर पत्र्याखाली नाहीत, जिन्याखाली सावलीत आहेत. "प्रत्येकाने" मागे घेतो, "जिवाशी खेळताय" घेत नाही. आणि भाड्याच्या गाडीत मागे बसूनच डोंगर बघायचा असेल तर एसटी काय वाईट?

सातरस्ता

एसटीला निदान पुरी स्टेपनी असते.

विजापूरवेस

असते? कधी बघितलीस बे?