सांख्यिकीच्या सरावात हाताने आकडेमोड किती असावी?

अंकुरण (धागालेखक)

तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयात मी गेली अठरा वर्षे बी.एस्सी.च्या वर्गांना सांख्यिकी शिकवतो. यंदा द्वितीय वर्षाची प्रात्यक्षिकांची जर्नले तपासताना एका उत्तरापाशी थांबलो. प्रश्न दरवर्षीचाच होता : दहा वर्गांची वारंवारता सारणी दिलेली आणि तिच्यावरून मध्य, प्रमाण विचलन, स्क्यूनेस (वितरणाचा एका बाजूला असलेला कल) व कर्टोसिस (मध्यापासून दूरच्या किमतींचे प्रमाण सांगणारे माप) काढायचे. विद्यार्थिनीने चौथ्या मोमेंटपर्यंतचे (मोमेंट म्हणजे विचलनांच्या त्या-त्या घाताची सरासरी) सगळे स्तंभ नेटकेपणाने भरले होते, सूत्र अचूक लिहिले होते आणि कर्टोसिसचे, म्हणजे बीटा-दोनचे, उत्तर काढले होते ०.८३. बीटा-दोन म्हणजे चौथा मध्यवर्ती मोमेंट भागिले प्रचरणाचा (प्रमाण विचलनाच्या वर्गाचा) वर्ग. ही संख्या कोणत्याही सामग्रीसाठी १ पेक्षा कमी असूच शकत नाही, कारण मध्यापासूनच्या विचलनांचे वर्ग घेतले तर त्या वर्गांचे स्वतःचे प्रचरणही, म्हणजे चौथा मोमेंट वजा प्रचरणाचा वर्ग, ऋण असू शकत नाही. पुढच्या दोन जर्नलांतही ०.८३ हेच उत्तर सापडले, म्हणजे चूक एकीची होती आणि उतरवून घेणारे दोघे होते. तिघांपैकी कोणालाही ती संख्या खटकली नव्हती.

अशा सारणीवर चाळीस मिनिटे गुणाकार करून विद्यार्थी नक्की काय शिकतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. माझे मत असे की हाताने सोडवायच्या प्रश्नांत पाच-सहा निरीक्षणांहून अधिक नसावीत. आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी उत्तर साधारण किती येईल आणि कोणत्या मर्यादेबाहेर जाणार नाही, हे विद्यार्थ्याने लिहावे आणि त्याला स्वतंत्र गुण असावेत. मोठी सामग्री संगणकावर द्यावी. आपणांपैकी जे शिकवतात किंवा शिकत आहेत, त्यांचे मत वाचायला आवडेल.

मध्यमा

मी निवृत्त प्राध्यापिका आहे आणि आपल्या प्रस्तावाशी सहमत नाही. आपण दाखवलेली चूक खरी आहे, परंतु तिचे कारण सारणीची लांबी नसून सारणीतून गाळला गेलेला एक स्तंभ आहे. आमच्या वेळी मूळबिंदू व माप बदलून (वर्गमध्यातून सोयीची संख्या वजा करून आणि वर्गाच्या लांबीने भागून) ‘यू’ चा स्तंभ मांडला की शेवटी पडताळणीचा स्तंभ भरावाच लागे. वारंवारता गुणिले ‘यू अधिक एक’चा चौथा घात, यांची बेरीज आधीच्या बेरजांवरून येणाऱ्या संख्येशी जुळली पाहिजे : चौथ्या घाताची बेरीज, तिसऱ्याची चौपट, दुसऱ्याची सहापट, पहिल्याची चौपट आणि एकूण वारंवारता. याला शार्लिएची पडताळणी म्हणतात. ती केली असती तर एखाद्या स्तंभातला चुकलेला गुणाकार त्याच पानावर उघडा पडला असता. वेळ वाचवण्यासाठी आपण हा स्तंभ काढून टाकला आणि आता त्या अभावाचा दोष सरावावर ठेवत आहोत.

दुसरे असे की लांब सारणीच विद्यार्थ्याला मूळबिंदू बदलण्याची गरज पटवते. वर्गमध्य १०५, ११५, १२५ असे असताना त्यांचे चौथे घात कोणी सरळ काढत बसत नाही. १३५ वजा करून १० ने भागले की उणे तीन, उणे दोन, उणे एक एवढेच उरते. मूळबिंदू हलवल्याने प्रचरण बदलत नाही आणि माप बदलल्याने ते मापाच्या वर्गाच्या पटीत बदलते, हे प्रमेय म्हणून पाठ करणे निराळे आणि त्यामुळे आपले अर्ध्या तासाचे श्रम वाचले हे स्वतः अनुभवणे निराळे. पाच निरीक्षणांच्या प्रश्नात हा अनुभव मिळत नाही. शिवाय छोटे प्रश्न रचताना आपण शिक्षक मध्य पूर्णांकात येईल असेच आकडे निवडतो, त्यामुळे उत्तर अपूर्णांकात आले की मुलांना आपलेच चुकले असे वाटते.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांना ६१७४ ही संख्या सापडली ती संगणकावर नव्हे. ३५२४ घ्या; अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलात तर ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्या पायरीला ६१७४ येते. सगळे अंक सारखे नसतील तर चार अंकी कोणत्याही संख्येपासून सात पायऱ्यांच्या आत तेथेच पोहोचता येते. आकड्यांच्या इतक्या सहवासात राहिल्याशिवाय अशा गोष्टी कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

सह्याद्री २७

मी पुण्यात सामग्री-विश्लेषणाचे काम करतो. मॅडम, कापरेकरांविषयी आपल्याइतकाच आदर मलाही आहे, पण त्यांनी आपला प्रश्न स्वतः निवडला होता. जर्नलमधला प्रश्न ठरलेला असतो, त्याचे उत्तर गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये असते आणि अंतिम उत्तर जुळले की सही मिळते. त्या परिस्थितीत पडताळणीचा स्तंभसुद्धा उतरवूनच घेतला जाईल.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला जी अडचण आली तिच्यावर चार वर्षांच्या सरावात एकही प्रश्न नव्हता. एकाच सामग्रीचे प्रमाण विचलन दोन ठिकाणी निराळे येत होते आणि मी दोन दिवस सामग्रीत चूक शोधत होतो. कारण साधे होते. १२, १५, १५, १८, २० ही पाच निरीक्षणे घ्या. मध्य १६, विचलनांच्या वर्गांची बेरीज ३८. पाचाने भागल्यास प्रचरण ७.६ आणि प्रमाण विचलन २.७६, चाराने भागल्यास प्रचरण ९.५ आणि प्रमाण विचलन ३.०८. आर या भाषेतले नेहमीचे फंक्शन निरीक्षणांच्या संख्येतून एक वजा करून भागते, पायथन भाषेतले नमपाय हे पॅकेज काही न सांगितल्यास पूर्ण संख्येने भागते आणि एक्सेलमध्ये दोन्हींसाठी वेगवेगळी फंक्शने आहेत. हे कळण्यासाठी पाच आकडे कागदावर मांडणे पुरेसे होते आणि तेच मी शेवटी केले. म्हणून हाताने करण्याच्या मी विरोधात नाही, दहा ओळींच्या सारणीच्या विरोधात आहे.

सूत्राच्या निवडीचेही तसेच आहे. ‘वर्गांचा मध्य वजा मध्याचा वर्ग’ हे प्रचरणाचे सूत्र जर्नलमध्ये सोयीचे म्हणून शिकवतात. १०००१, १०००२, १०००३ या तीन निरीक्षणांवर आठ अंकी गणकयंत्राने ते वापरून पाहा. प्रत्येक वर्ग नऊ अंकी येतो, शेवटचा अंक यंत्रात मावत नाही आणि दोन तृतीयांश हे जे प्रचरण काढण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते त्या कापलेल्या अंकांबरोबर हातातून जाते. आधी मध्य वजा केला तर उणे एक, शून्य, एक. उत्तर तोंडी येते. संगणकातही अंकांना मर्यादा असते, ती फक्त थोडी लांब असते. सरावाचा प्रश्न असा असेल तर तो मी आजही आनंदाने सोडवीन.

आणि संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या चार सामग्रीसंचांचे काय? प्रत्येकात अकरा जोड्या, मध्य, प्रचरणे, सहसंबंध गुणांक (सुमारे ०.८२) आणि रिग्रेशनची (बिंदूंना सर्वांत जवळून जुळणारी) रेषा चारही ठिकाणी जवळपास एकच. आलेख काढला की एकात साधा रेषीय कल, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात एक बिंदू रेषेपासून फटकून आणि चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेवर. हाताने चार वेळा सहसंबंध गुणांक काढणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही.

मध्यमा

अँस्कोमच्या उदाहरणाने माझ्या मुद्द्याचे खंडन होत नाही. आलेख न काढता केवळ गुणांक काढणे ही चूक संगणक वापरणाराही करतो आणि अधिक वेगाने करतो. आलेखकागदावर अकरा बिंदू स्वतः मांडणाऱ्याला चौथ्या संचातला एकटा बिंदू मांडतानाच दिसतो.

तृतीय वर्ष

मी विद्यार्थिनी आहे. आपल्या चर्चेत परीक्षेचा विचार फारसा दिसला नाही, म्हणून लिहिते. आयआयटी जॅमच्या (एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) गणितीय सांख्यिकीच्या पेपरात तीन तासांत साठ प्रश्न असतात आणि त्यांतल्या वीस प्रश्नांना पर्यायच नसतात, संख्या काढून टंकावी लागते. पडद्यावर गणकयंत्र दिलेले असते, तरी माउसने एकेक अंक दाबत मोठी आकडेमोड करायला वेळ उरत नाही. तेथे टिकायचे तर हाताला सवय असावी लागते आणि ती सवय पाच निरीक्षणांचे चार प्रश्न सोडवून लागत नाही. सर, आमच्या महाविद्यालयात सांख्यिकीच्या तुकडीला संगणक कक्ष आठवड्यातून एकदा मिळतो आणि एका संगणकावर तिघे बसतात. मोठी सामग्री संगणकावर द्यावी हे वाचायला योग्य वाटते, पण त्या तिघांपैकी एकच जण टंकतो. जर्नल निदान प्रत्येकाच्या हातात असते.

रेषीय

गणिताच्या बाजूने एवढेच सांगतो की तीन बाय तीन मॅट्रिक्सच्या आयगेन किमती (तिच्याशी निगडित तीन विशिष्ट संख्या) काढल्यावर त्यांची बेरीज कर्णावरील संख्यांच्या बेरजेशी आणि गुणाकार डिटर्मिनंटशी ताडून न पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे अर्धे गुण मी कापतो, उत्तर बरोबर असले तरी. पहिल्या सत्रात तक्रारी आल्या, दुसऱ्या सत्रात आल्या नाहीत.

अंकुरण

मॅडम, पडताळणीच्या स्तंभाबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. तो आमच्या प्रात्यक्षिकांतून केव्हा गेला हे मला आठवतही नाही आणि पुढच्या सत्रापासून तो परत आणणार आहे. ‘तृतीय वर्ष’ने लिहिलेली संगणक कक्षाची स्थिती आमच्याकडेही फार वेगळी नाही, त्यामुळे मोठ्या सामग्रीविषयीचा माझा आग्रह मी सैल करतो. परंतु हाताचा वेग वाढवणे हा सरावाचा मुख्य हेतू आहे, हे मला अजून पटत नाही. ‘रेषीय’ यांनी गुण जेथे ठेवले आहेत तेथेच ते हवेत. ‘सह्याद्री’ यांचीच पाच निरीक्षणे घेऊन मी एक प्रश्न केला आहे.

पाच निरीक्षणांचा मध्य १७ आणि प्रचरण (पाचाने भागून) १९.६ आले. नंतर कळले की त्यांतले एक निरीक्षण २० होते, ते चुकून २५ लिहिले गेले. उरलेली चार निरीक्षणे उपलब्ध नाहीत. प्रचरण वाढेल की कमी होईल हे आधी कारणासह लिहा आणि मगच दुरुस्त मध्य व प्रचरण काढा.

तृतीय वर्ष

सर, दुसरा भाग आम्ही नेहमी करतो. बेरीज ८५ ची ८०, म्हणून मध्य १६. वर्गांची बेरीज ५ गुणिले (१९.६ अधिक २८९) म्हणजे १५४३, त्यातून ६२५ वजा करून ४०० मिळवले की १३१८, पाचाने भागून २६३.६, त्यातून २५६ गेले की ७.६.

पहिल्या भागाला मात्र मला संध्याकाळ लागली. उरलेल्या चारांची बेरीज ६०, म्हणजे त्यांचा मध्य १५. पाचवे निरीक्षण या १५ पासून जितके लांब, तितके प्रचरण जास्त. आधी ते अंतर १० होते, आता ५ आहे, म्हणून प्रचरण कमीच होणार. सूत्र मांडून पाहिले तेव्हा पाचव्या निरीक्षणाचा वाटा अंतराच्या वर्गाच्या ४/२५ पट निघाला. १०० आणि २५ यांतला फरक ७५, त्याचे ४/२५ म्हणजे १२ आणि १९.६ वजा १२ बरोबर ७.६. उत्तर दोन्ही बाजूंनी जुळले.

मध्यमा

छान सोडवलेत. दोन वेगळ्या वाटांनी एकाच उत्तरापर्यंत येणे म्हणजेच पडताळणी, ती स्तंभात करा की सूत्रात. तरीही, अंकुरण, दहा वर्गांची एक सारणी तरी सत्रात ठेवावी ही माझी विनंती कायम आहे, पडताळणीच्या स्तंभासह, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला निराळे आकडे देऊन.