बाबांचा ओटीपी मी टाकतो. ही मदत की ताबा?

अर्धविराम:
बाबा ७८ वर्षांचे. नजर अधू, बोटं थरथरतात, डोकं मात्र शाबूत. गेली चार वर्षं त्यांची बँक, पेन्शन, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट सगळं माझ्या फोनवरून चालतं. नंबर माझा दिलेला, ईमेल मी काढलेला, पासवर्ड मीच ठरवलेला.

मागच्या महिन्यात त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला. मी मीटिंगमध्ये होतो, सवयीने उघडला. गाठ साधी नव्हती. त्यांच्या शरीरातली बातमी त्यांच्या आधी साडेपाच तास मला ठाऊक होती. तेवढ्या वेळात मी काय केलं, तर कसं सांगायचं याची वाक्यं जुळवली. संध्याकाळी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे दुपारी 'जेवलात का' म्हणून फोन केलास, तेव्हा तुला माहीत होतं."

(उपचार सुरू आहेत, त्याबद्दल इथे नको.)

शिकवून पाहिलं. मेसेज उघडायचा, चष्मा चढवायचा, सहा आकडे कागदावर उतरवायचे आणि परत त्या पानावर जायचं. तोवर मुदत संपलेली. तीनदा असं झालं की खातं लॉक. शेवटी फोन माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तूच कर बाबा." बोलण्यातला शब्द आहे, पण त्या दिवशी लागला. 'मी अटी वाचून मान्य केल्या आहेत' यावर टिक मी करतो, आणि सिस्टिमच्या लेखी तो माणूस तेच असतात. अटी त्यांनी वाचलेल्या नाहीत. खरं तर मीही नाही.

तुम्ही घरच्यांचं असं करता का? कुठे थांबता?

रिकामी खुर्ची:
फार विचार करताय. पूर्वी अक्षरओळख नसलेल्यांची पत्रं कुणीतरी वाचून दाखवायचंच की. तेव्हा कुणी ताबा वगैरे म्हटलं नाही. तुम्ही आहात हे त्यांचं नशीब समजा.

अर्धविराम:
पत्र त्यांच्यासमोर फोडलं जायचं हो. वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला बातमी एकाच वेळी कळायची. मला साडेपाच तास आधी कळली, तिथेच अडलंय.

कंसातला:
मी लॉगिनची पानं बनवतो, म्हणून थोडं माझ्या बाजूचं. दोष बाबांच्या बोटांचा नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. वेळमर्यादा वाढवायची सोय द्या, हे त्यात २००८ पासून आहे: मुदत संपण्याआधी सूचना द्यायची, आणि एखादं बटण दाबून ती वाढवायला निदान २० सेकंद द्यायचे. २०२३ च्या आवृत्तीत तर लॉगिनसाठी माणसाला काही लक्षात ठेवायला किंवा बघून उतरवायला भाग पाडू नका, दुसरा मार्ग ठेवा, असं आलंय. बाबा कागदावर आकडे उतरवतात ना, नेमकं तेच.

मग होत का नाही? ओटीपीची मुदत सुरक्षेसाठी असते, असं म्हटलं की बैठकीत विषय संपतो. मीही संपवलाय. आम्ही चाचणी घेतो ती ऑफिसातल्या माणसांवर, त्यातलं कुणी ७८ चं नसतं.

खिडकी तीन:
ग्रंथालयात लोकांना फॉर्म भरून देते. रोज अनोळखी माणसं हातात फोन देतात आणि पिन मोठ्याने सांगतात, मागे रांग उभी असताना. मी स्वतःपुरता नियम केलाय: फोन त्यांच्याच हातात राहील, बोट त्यांचंच. मी फक्त 'खालचं निळं' एवढं म्हणते. वेळ चौपट लागतो, वरिष्ठ कुरकुरतात.

एक गोष्ट मात्र सांगते, राग मानू नका. आयटीयू म्हणजे संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था, तिच्या २०२४ च्या अंदाजात जगातले २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते. तुमचे बाबा स्वतः इंटरनेट वापरत नाहीत, पण बँकेच्या तक्त्यात ते नियमित ॲप वापरणारे ग्राहक दिसत असणार. उद्या खिडकी बंद करताना कुणीतरी तोच तक्ता दाखवेल: बघा, ७८ वर्षांचे गृहस्थही आरामात वापरतात. तुमच्या मदतीमुळे त्यांची अडचण कुणाला दिसतच नाही.

काही ठिकाणी काळजीवाहू माणसाला स्वतःच्या नावाचं वेगळं लॉगिन मिळतं. तुमच्याकडे आहे का विचारा. निदान कोण आत शिरलं याची नोंद तरी खरी राहील.

अर्धविराम:
राग नाही. ते तक्त्याचं डोक्यात आलंच नव्हतं, दोन दिवस तेच घोळतंय.

विचारून आलो. बँकेत वेगळं लॉगिन नाही. दवाखान्यात आहे, पण अर्ज ॲपवरूनच, आणि तो बाबांच्या खात्यातून करायचा! केला, या वेळी फोन त्यांच्या हातात देऊन. चाळीस मिनिटं लागली. मधे दोनदा मी हात पुढे केला, त्यांनी दोन्हीदा झटकला.

रिपोर्टची सूचना मला येणं बंद केलंय. पुढचा रिपोर्ट कागदावर मागितला. काल ते स्वतः जाऊन बंद पाकीट घेऊन आले, टेबलावर ठेवलं, चहा प्यायले, मग चष्मा मागितला. मी चष्मा दिला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.

आत काय आहे ते अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.