हॅमस्टरसाठी ॲक्रिलिकचं घर घरीच बनवायचंय, शीट किती जाड घ्यावी?

प्रश्न: रेडीमेड पिंजरे फारच छोटे वाटतात म्हणून १०० बाय ५० सेंमीचा बॉक्स स्वतः बनवायचा विचार आहे. ३ मिमी शीट चालेल का, आणि जोडायला सिलिकॉन वापरू की दुसरं काही?

उत्तर १: एवढ्या लांबीला ३ मिमी नको, मधे फुगते. ५-६ मिमी घ्या. सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही, काही दिवसांनी सोलून निघतं, त्यापेक्षा ॲक्रिलिकचं सॉल्व्हेंट सिमेंट आणा, ते पाण्यासारखं पातळ असतं, दोन कडा घट्ट लावून धरायच्या आणि सुईच्या बाटलीने फटीत सोडायचं, आपोआप आत ओढलं जातं. खिडक्या उघड्या ठेवून करा, वाफ वाईट असते. आणि पूर्ण वास जाईपर्यंत प्राण्याला आत सोडू नका प्लीज!

उत्तर २: जोडणीपेक्षा हवेचं बघा आधी. चारी बाजू बंद असल्या की ओल आणि मूत्राचा अमोनिया आत साठतो, या जिवांची फुफ्फुसं इवलीशी असतात हो. वरचं झाकण अख्खं बारीक धातूच्या जाळीचं करा, प्लॅस्टिकची कुरतडतात. आणि निदान एका बाजूला खालून २५-३० सेंमीच्या वर जाळीची पट्टी द्या, कारण त्याखाली बेडिंगचा (तळाला पसरायच्या मऊ भुशा-कागदाचा) जाड थर लागतो, हॅमस्टर बिळं करतो.

प्रश्नकर्ता: जाळीचं डोक्यातच नव्हतं, थँक्स. पुसायला स्पिरिट चालेल ना?

उत्तर १: अजिबात नाही, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. साबणाचं कोमट पाणी, मऊ कापड.