अर्बुद, कर्करोग आणि ‘रसायन’: एका माहितीपत्रकावरून

धागाकर्ती: एका रुग्णालयाच्या आयुर्वेद विभागाचं माहितीपत्रक तपासायला आलंय. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांसाठी आहे. एका परिच्छेदात कर्करोग, दुसऱ्यात अर्बुद, तिसऱ्यात कॅन्सर. तिन्ही एकच धरायचे का? शिवाय ‘रसायन चिकित्सा’ हे वाचून आई म्हणाली, “म्हणजे केमोच ना?” तिला काय सांगू?

भाषांतरकार: कर्करोग हा बेतलेला शब्द. लॅटिनमध्ये कॅन्सर म्हणजे खेकडा, ग्रीकांचा कार्किनोस तोच. आपण कर्क घेतला आणि पुढे रोग जोडला. पेपरात आणि सरकारी फलकांवर शोभतो. घरात बोलताना ‘मावशीला कर्करोग झालाय’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. अर्बुद जुना खरा, पण त्याला अर्थ फार. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातल्या मोजणीत तो दहा कोटी, अबूचा पहाड अर्बुदाचल.

वैद्य: तिन्ही एकच धरू नका. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, म्हणजे रोग ओळखण्याच्या भागात, 11व्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड हे गाठी-सुजेचे रोग एकत्र आलेत. अर्बुदाचं वर्णन असं: वाटोळं, न हलणारं, कमी दुखणारं, मोठं, मूळ खोल गेलेलं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं मांसाचं वाढणं. यातलं ‘न पिकणारं’ महत्त्वाचं. गळू पिकतं, फुटतं, मोकळं होतं. हे तसं होत नाही. वात, पित्त, कफ, रक्त, मांस आणि मेद असे सहा प्रकार, त्यातले रक्तज आणि मांसज असाध्य म्हटलेत. आता मेदज अर्बुद वाचलं की आपल्याला साधी चरबीची गाठही आठवते. म्हणजे अर्बुद कॅन्सरपेक्षा एकीकडे रुंद आहे. आणि दुसरीकडे अरुंद, कारण ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, अशी गाठ असतेच असं नाही.

इथेच खड्डा आहे. काही जण ल्युकेमियाला ‘रक्तार्बुद’ लिहितात. सुश्रुताचं रक्तार्बुद म्हणजे मांसाच्या अंकुरांनी भरलेली, सतत रक्त गाळणारी गाठ, आणि रक्त जाऊन रोगी पांढरा पडतो. तो वेगळाच विषय. पत्रकात सरळ ‘रक्ताचा कॅन्सर’ लिहा.

तसंच अध्यर्बुद. आधीच्या गाठीवर दुसरी उगवली तर ते नाव. हल्ली व्याख्यानांत त्याला बेधडक ‘कॅन्सर पसरणं’ म्हणतात. मला ती उडी मोठी वाटते. सुश्रुताच्या चिकित्सास्थानातलं, म्हणजे उपचारांच्या भागातलं, एक वाक्य मात्र आजच्या शल्यविशारदालाही पटेल: अर्बुद काढताना थोडंही शिल्लक ठेवलं तर ते लवकर परत येतं आणि विस्तवासारखा घात करतं, म्हणून समूळ काढावं.

सातारकर: आमच्याकडे नुसतं ‘गाठ निघाली’ म्हणतात. रेडिएशनला ‘शेक’ नाहीतर ‘लाईट’. “पंचवीस लाईट झाल्या” म्हटलं की सगळ्यांना कळतं.

वैद्य: आता ‘रसायन’. तुमच्या आईंचा गोंधळ अगदी रास्त आहे. शाळेत रसायन म्हणजे केमिकल, म्हणून केमोथेरपीचं पुस्तकी मराठी झालं रसायनोपचार. चरकाचं रसायन म्हणजे उत्तम रसादी धातू (रस, रक्त असे शरीराचे घटक) मिळवण्याचा उपाय, च्यवनप्राश त्यातलाच. केमो पेशी मारायला दिलेली, चरकाचं रसायन बळ भरून काढायला दिलेलं. एकाच पानावर ‘रसायन चालू असताना रसायन घ्यावे’ असं वाक्य पडलं तर रुग्णाने काय समजायचं? केमोला केमोच लिहा. आणि दुसऱ्याला ‘ताकद भरून येण्याची औषधं’.

आयुर्वेद विभाग इथे प्रत्यक्षात काय करतो, तेही रुग्णाच्या शब्दांत येऊ द्या. केमोनंतर तोंड येतं, चव जाते, मळमळ थांबत नाही. तेव्हा अग्नी (पचनशक्ती) आणि बल सांभाळणं हे काम: पेज, मुगाचं कढण, साळीच्या लाह्या, तोंडात धरायला ज्येष्ठमधाचा काढा. गाठ विरघळवण्याचा दावा यात नाही. आणि एक ओळ ठळक हवी: कुठलाही काढा, चूर्ण, भस्म किंवा अश्वगंधासुद्धा केमोच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. यकृतावर ताण येतो, औषधं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

सातारकर: अवांतर: नरक्या नावाचं झाड सह्याद्रीत आहे, घाणेरड्या वासामुळे हे नाव. त्यातून कॅम्प्टोथेसिन मिळतं आणि त्यापासून कॅन्सरची औषधं बनतात, म्हणून चोरून तोड होते. लोक लगेच ‘आयुर्वेदात होतंच’ म्हणतात. आमच्या जंगलात होतं, एवढं मान्य.

भाषांतरकार: सदाफुलीचंही तेच. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध तिच्यातून आलं, पण ती मूळची मादागास्करची.

वैद्य: आणखी एक शब्द सुचवतो, याप्य. असाध्य म्हणजे सगळं संपलं, असं मराठीत ऐकू येतं. सुश्रुताने मध्ये ही पायरी ठेवली आहे: रोग मुळासकट जात नाही, पण उपचार चालू तोवर माणूस उभा राहतो, पडायला आलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूसारखा. ‘कालयापन’मधला ‘यापन’ तोच. रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं नोकरी करणारे कॅन्सरचे रुग्ण आज आहेत, त्यांच्यासाठी मराठीत दुसरा शब्द दाखवा.

भाषांतरकार: उपशामक?

वैद्य: तो वेदना शमवण्यापुरता. याप्यात आयुष्य चालू आहे.

धागाकर्ती: सर्वांचे आभार. अर्बुद फक्त इतिहासाच्या परिच्छेदात ठेवलं, रसायन दोन्हीकडून काढलं. शेवटच्या पानावर ‘हमखास बरा’ असं होतं. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींवर 1954च्या कायद्याने बंदी आहे हे दाखवल्यावर तेही गेलं. याप्यवर मात्र विभागप्रमुख अडून बसलेत, कोणाला कळणार म्हणे. शेजारी ‘औषध चालू तोवर आटोक्यात’ एवढं लिहून पाठवते, बघू.