४५ दिवसांचा नियम: लघुउद्योगाला आधार की ऑर्डर जाण्याचं कारण?

चक्रवाढ (धागाकर्ता)

लघुउद्योगासाठी सरकारने काय करावं असा विषय निघाला की पहिली मागणी स्वस्त कर्जाची. माझं मत सरळ आहे. कर्ज राहू द्या, झालेल्या कामाचे पैसे वेळेत मिळवून द्या.

भोसरी-चाकण पट्ट्यातलं एखादं टर्निंग शॉप (लेथवर सुटे भाग करणारा छोटा कारखाना) घ्या. महिन्याचं बिल १० लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११.८० लाख. कंपनी ९० दिवसांनी पैसे देते, म्हणजे कायम ३५.४० लाख बाहेर अडकलेले. कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं, व्याज ११ टक्के धरलं तर महिन्याला साधारण ३२ हजार नुसत्या व्याजात. जीएसटी तर पैसे येण्याची वाटच पाहत नाही. विकत घेतलेल्या साडेपाच लाखांच्या मालावर आधीच दिलेल्या जीएसटीचं ९९ हजारांचं क्रेडिट वजा केलं की उरलेले ८१ हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचेच (तिमाही विवरण असेल तर फार तर दोन-पाच दिवस जास्त). त्यात बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनी येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (किती कर्ज उचलता येईल त्या हिशेबात) धरत नाहीत. कंपनीने शंभरावा दिवस गाठला की इकडे लिमिटही आखडते, तेही नेमकं नड असताना.

२००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. २०२३ च्या वित्त कायद्याने ४३बी(एच) हे कलम आणून त्यामागे प्राप्तिकराचा चाप लावला: मुदत उलटूनही थकवलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला पैसे देईपर्यंत नाही. तो आणखी आवळायला हवा. तुमचं म्हणणं?

ठोकमाल

असहमत. हा चाप मोठ्या कंपनीआधी लहान खरेदीदाराला बसतो. इचलकरंजीचं कापड बघा. यंत्रमागवाला सूक्ष्म उद्योग. त्याच्याकडून कापड घेणारा व्यापारी ते पुढे ९० ते १२० दिवसांच्या उधारीवर देतो. मागच्याला ४५ दिवसांत मोजायचे, पुढच्याकडून मागायला मात्र कायद्याचा आधार नाही, कारण व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. मग तो मार्चमध्ये खरेदी थांबवतो, नाहीतर मध्यम उद्योगाकडे वळतो. ४३बी(एच) सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरतंच आहे ना! काही खरेदीदार तर तोंडावर सांगतात, बिलावरून उद्यम क्रमांक काढा. हक्क कागदावर आणि माग बंद, याला आधार कसा म्हणायचा?

ताळेबंद

४३बी(एच) ला तुम्ही दोघं समजता तेवढे दात नाहीत. मे महिन्यातलं बिल, जुलैत मुदत संपली, खरेदीदाराने फेब्रुवारीत पैसे दिले. त्याला प्राप्तिकरात फटका किती? शून्य. पैसे त्याच वर्षात गेले, वजावट पूर्ण मिळाली. मुदत उलटून ३१ मार्चला थकलेलं असेल तेवढंच अडकतं, आणि तेही ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी वजा होतं. म्हणून मार्चमध्ये धावपळ, एप्रिलपासून पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

खरा चाप एमएसएमईडी कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे: रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. बँक दर ६ धरला तर १८ टक्के. शिवाय हे व्याज खरेदीदाराला करात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

दावे लंगडे पडतात ते कागदांवर. दिवस मोजायचे माल प्रत्यक्ष पोचला तिथून. कंपनी जीआरएन (माल मिळाल्याची तिची नोंद) तीन आठवड्यांनी काढून तिथून मोजते, ते चुकीचं. मालाबद्दल हरकत असेल तर ती १५ दिवसांत लेखी यायला हवी, नाहीतर माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस. म्हणून डिलिव्हरी चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. ४०० नगांतले २० रिजेक्ट अशी डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) अडीच महिन्यांनी आली तर त्याच दिवशी ईमेलने नाकारा, गप्प बसलात की ती मान्य धरतात. उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी. ती फुकट होते, दलालाला पैसे देऊ नका.

ठोकमाल

कागद ठीक. पण ७० टक्के काम एकाच कंपनीचं असलेला माणूस या कायद्याखाली थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत दावा टाकेल का? ऑर्डर दुसऱ्या दिवशी बंद होईल. निकालाला कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात किती लागतात ते सगळ्यांना माहीत आहे.

चक्रवाढ

निकाल लागल्यावर तरी बळ आहे. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण तिथवर तग धरायचा कसा, हा तुमचा प्रश्न खरा आहे.

स्पिंडल

त्यासाठीच ट्रेड्स (TReDS) हा बिलं वटवून देणारा ऑनलाइन मंच आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बिल चढवायचं, खरेदीदाराने ते मान्य करायचं, मग बँका व्याजाच्या बोली लावतात. स्वस्त बोली स्वीकारली की साधारण दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. बोली कंपनीची पत बघून लागते, म्हणून दर सहसा तुमच्या कॅश क्रेडिटपेक्षा कमी. उद्या कंपनीने पैसे बुडवले तरी बँक वसुलीला तुमच्या दारात येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे. मेख एवढीच की सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करण्याची नाही. कंपनी नाव नोंदवून स्वस्थ बसते. मागणी करायची तर इथे करा: माल पोचून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर बिल ट्रेड्सवर आपोआप मान्य. दावा नको, कंपनीशी वाकडं नको.

चक्रवाढ

हे पटलं. प्राप्तिकराच्या बाबतीत ताळेबंद यांचंही पटलं: थकबाकी फक्त ३१ मार्चला न बघता दर तिमाहीला बघायला हवी. ठोकमाल, व्यापाऱ्यालाही ४५ दिवसांचा हक्क मिळाला तर तुमचा विरोध उरतो का?

ठोकमाल

निम्मा उरतो. दिवाळीचं कापड जून-जुलैत विणलं जातं आणि कपडा ऑक्टोबरात विकला जातो. तो हिशेब ४५ दिवसांत बसणार नाही. तिथे ९० दिवसांची लेखी मुदत आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला व्याज ठेवा, बाजार ते पाळेल. पण साखळीतल्या प्रत्येकाला तेच लागू करा, एकट्या मधल्याला नाही.